प्रति हे.

आत्याबाई, शेण काढून झालं होतं, गोठ्यात पाणी मारून झालं होतं, दुधाची किटली डेअरीवर पोचली होती आणि मी भाकरीच्या पिठाला हात घालणार एवढ्यात तुम्ही अंगणातून हाक मारलीत, "पीठ झाकून ठिव अन् चल माझ्यासंगं." माझ्या लग्नाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. सासूनं असं मध्येच उठवलं म्हणजे काहीतरी चुकलं असणार, असं धरून मी मुकाट मागं चालले. तुमच्या एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. विहिरीपलीकडच्या तुकड्यात वाटाणा गुडघ्याला लागत होता, दवानं माझं लुगडं पोटरीपर्यंत भिजलं. तुम्ही मधोमध जाऊन एक चांगलं भरलेलं झाड बघितलंत, भोवती खुरपं फिरवलंत आणि मातीसकट उचललंत. मला वाईट वाटलं. मी विचारलं, "कावून उपटलं, आत्याबाई? चांगलं तर दिसतंय." तुम्ही म्हणालात, "चांगलं दिसतंय म्हणूनच. पाला कुणालाबी फसवतोय. मुळाला इचारावं." मग तांब्यातल्या पाण्यात मूळ हलवलंत. माती सुटली तशा मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसल्या. त्यातली एक तुम्ही अंगठ्याच्या नखावर फोडलीत. आत लालसर होतं. "रगत हाय," तुम्ही म्हणालात, "म्हंजी धडधाकट हाय." दुसरी गाठ मला फोडायला लावलीत. झाड शेळीपुढं टाकलंत आणि आपण घरी येऊन भाकरी केल्या.

तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुमच्या थोरल्या लेकाला, म्हणजे आमच्या ह्यांना, जाऊन सहा. त्यांना मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकनं उडवलं, तो दिवस मी इथं लिहीत नाही, तुमची त्यांची तिकडं गाठ पडली असेल तर त्यांनीच सांगितलं असेल. मला लिहायचंय ते तुमच्या धाकट्याविषयी. माझ्यामुळं त्यांचं नाव गेलं, आणि ते परत आणणं माझ्या एकटीच्या हातात असून मी आणलेलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. वाचता येत असतं तर हे लिहायची माझी हिंमत झाली नसती.

वाचायला मी तुमच्याच घरात शिकले. माहेरी दुसरीतून काढलेली पोरगी मी. तुमच्याकडं खताच्या रिकाम्या पोत्यांची मोठी ताडपत्री शिवलेली होती, पावसाळ्यात ती गोठ्यावर टाकायचो. तिच्यावरची उलटी-सुलटी अक्षरं बघत मी शेरडांना पाला टाकायची. तुम्ही एकदा विचारलंत, "काय लिवलंय गं त्याच्यावर?" मी म्हणाले, "माहीत न्हाई." पुढच्या बाजारला तुम्ही नेकनूरहून आलात, पिशवीतून वांगी काढलीत, मिरच्या काढल्यात, आणि खालून अंकलिपी काढून माझ्या पुढ्यात टाकलीत. मामंजी ओसरीवरून म्हणाले, "आता सून हापिसात जाती का काय?" तुम्ही म्हणालात, "जाईना. तुमचं पोट का दुखतंय?" मी पहिल्यांदा स्वतःच्या बळावर वाचलेला शब्द युरिया होता. मग पंचांग, मग किराण्याच्या पुड्यांचे कागद, मग ग्रामपंचायतीच्या वाचनालयातली पुस्तकं. गावातल्या बाया औषधाच्या बाटल्या घेऊन माझ्याकडं यायला लागल्या. मला त्याचा गर्व होता. आत्ताही तो पुरता गेलाय असं मी म्हणणार नाही.

युरियावरून तुम्ही ह्यांना एकदा झाडलं होतं, ते मला लख्ख आठवतं. हे बीडहून पोती घेऊन आले होते आणि ज्वारीला टाकून उरलेलं त्यांनी वाटाण्यावर फेकलं. आठ दिवसांत वाटाणा काळाभोर हिरवा झाला. येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. हे मिशीवर हात फिरवत तुम्हाला म्हणाले, "बघ आई, कसा पेटलाय." तुम्ही खुरपं आणि तांब्या घेऊन गेलात. मूळ धुतलंत तर गाठी मोहरीएवढ्या, त्याही मोजक्या, आणि फोडल्यावर आत पांढऱ्या. तुम्ही ते झाड ह्यांच्या हातात दिलंत. "आयतं ताट वाढल्यावर कोण रांधतंय? हे मूळ सवताच्या जेवणाचं सवता बघतंय, तू त्याला बसून खायला शिकवलंस." त्या वर्षी वेल हातभर जास्त वाढले आणि शेंगा निम्म्या लागल्या. हे दोन दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी गुळाच्या पाण्यात जिवाणू खत कालवून बियाला चोळलं, आणि तुम्ही ओसरीवरून बघत होतात.

शेवटच्या आजारपणात तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "थोरल्याची काळजी न्हाई. धाकट्याला तेवढं बघ. त्याला तोंड न्हाई, तुला हाय." मी हो म्हणाले. हे होते तोवर मला काही बघावं लागलं नाही. नंतर उलट भाऊजींनीच मला बघितलं. तुमच्या माघारी त्यांनी पाठीवरचा फवारणीचा पंप घेतला. स्वतःचं रान थोडं, म्हणून गावभर लोकांच्या फवारण्या करायचे. कागद वाचत नाहीत, चौथीतच शाळा सुटली, पण हात असा की थेंब इकडचा तिकडं होत नाही. पंप धुवायला त्यांना फवारण्याइतकाच वेळ लागायचा. आधी साबणाच्या पावडरीनं, मग नुसत्या पाण्यानं दोनदा, नळी वेगळी, झारी वेगळी. पारावरची माणसं चेष्टा करायची, "काय बे, बायकूला तरी एवढी आंघोळ घालतूस का?" भाऊजी हसायचे आणि धूत राहायचे. लोक चेष्टा करायचे आणि बोलावायचे त्यांनाच.

गेल्या पावसाळ्यात विहिरीपलीकडच्या एकरभर तुकड्यात मी मका केला. खुरपायला बाया मिळेनात, लव्हाळा, केना असलं तण मका वर यायच्या आत वर येतं. म्हणून पेरल्या पेरल्या जमिनीवर मारायचं तणनाशक आणलं. दुकानदारानं दोन पुडे दिले, वर घडी घातलेला कागद दिला. आत मक्याच्या ओळीत लिहिलं होतं, एक किलो, आणि वरच्या रकान्यात, प्रमाण प्रति हे. मी दोनदा वाचलं. दोन्ही पुडे मिळून बरोबर एक किलो होत होतं. तुकडा एकराचा. मी दोन्ही पुडे बादलीत ओतले, काठीनं ढवळलं आणि भाऊजींना म्हणाले, सगळ्या रानाला पुरवा. ते बादलीकडं बघत उभे राहिले. "वैनी, लई दाट हाय हे. आमी एकराला एक पुडा बी पुरा टाकत न्हाई." मी म्हणाले, "कागदावर लिवलंय ते करा. मला वाचता येतंय." तेवढं वाक्य बोलायला मला काय लागलं? आणि त्यापुढं बोलायला त्यांना तोंड कुठून आणायचं? त्यांनी पंप भरला आणि मागं मागं सरत सगळं रान मारलं.

तण आलं नाही. मका बरा आला. मी बायांना सांगत फिरले, कागद वाचून करावं लागतं. पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो आलाच नाही. रान कोरडं पडलं, जमिनीतलं जमिनीतच राहिलं, पण ते मला तेव्हा कुठं ठाऊक. मका काढून मी त्याच तुकड्यात वाटाणा घेतला. तुमचाच वाटाणा, बारका, हिरवट तपकिरी, राखेत ठेवलेला. दरवर्षी मी त्यातला चौथा हिस्सा मागं ठेवते. या वर्षी बी थोडं किडलं होतं, दाट पडावं म्हणून सगळं पेरलं. मडकं उलटं करून राख झटकली आणि तेही दाणे घेतले. केजच्या वन्संकडं असेल थोडं, अशी मनात खात्री होती. नंतर फोन केला तर त्या म्हणाल्या, "अगं, तो वाटाणा आम्ही कवाच सोडला, शिजायला लई येळ लागतोय."

वाटाणा उगवला मात्र छान. ओळी भरल्या. चार-पाच पानांवर आला आणि खालची पानं कडेनं पिवळी पडायला लागली. पिवळं दिसलं की आपल्याकडं एकच अर्थ, भूक लागली. मी पुस्तकातही तेच वाचलं होतं. एकदा, फक्त एकदा, मी खुरपं घेऊन बांधावर गेले होते. पण एवढी दाणा-दाणा पेरून उगवलेली झाडं, त्यातलं उपटायचं जिवावर आलं, आणि खरं सांगायचं तर मुळाला विचारायची आता गरज काय, असं वाटलं. मी युरिया टाकला आणि पाणी सोडलं. दोन दिवस उभारी आल्यासारखं दिसलं. मग कोवळ्या शेंड्यांवर मावा आला, म्हणून भाऊजींना मावा मारायला बोलावलं. त्याच्या आदल्या दिवशी ते शेजारच्या बांधावर उसात तणनाशक मारून आले होते. चार दिवसांत माझा वाटाणा बसला. पानं कडेकडेनं करपून आत जळत गेली, खोडं जमिनीपाशी तपकिरी झाली, हात लावला की झाड उपटून हातात यायचं. आठवड्यात एकर मोकळा.

मी तडक पिठाच्या गिरणीवर गेले. सकाळची वेळ, डबे घेऊन बाया उभ्या, पारावर माणसं, भाऊजी गिरणीच्या पायरीवर. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "उसातलं औषध पंपात ठिवलं अन् माझ्या वाटाण्यावर मारलं. तुमच्या आईचं बी होतं ते. जाळलंत तुमी." भाऊजी उठून उभे राहिले. "वैनी, म्या तीनदा धुतलता पंप." मी म्हणाले, "धुतलता तर जळलं कशानं?" कुणीतरी मागून म्हणालं, "बघा, एवढी आंघोळ घालून बी मळ राहिलाच की." माणसं हसली. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. आत्याबाई, त्यांना ती दाट बादली तेव्हा आठवली होती. मी शपथेवर सांगते, आठवली होती, मला त्यांच्या तोंडावर दिसली. चार माणसांत थोरल्या भावजयीला खोटं कसं पाडायचं म्हणून त्यांनी ती गिळली. डबा तिथंच टाकून ते निघून गेले, दळण तसंच राहिलं. ते नंतर गिरणीवाल्याच्या बायकोनं घरी पोचवलं.

मी वाचणारी बाई. मी म्हणाले म्हणजे खरंच असणार. महिनाभरात त्यांना फवारणीला बोलावणं बंद झालं. ज्यांचा हरभरा थंडीनं पिवळा पडला तेही म्हणायला लागले, गेल्या साली ह्यानंच मारलं होतं. पारावर त्यांना नवं नाव पडलं, बिनधुता. ते गेले की पोरंसोरं मागून म्हणतात. आता ते रस्त्याच्या कामावर खडी टाकायला जातात. पंप त्यांच्या ओसरीला खिळ्यावर टांगलेला आहे, कोरडा, स्वच्छ. माझ्या दारावरून त्यांची वाट आहे, ते मान खाली घालून जातात. जाऊबाई मात्र मान वर करून जाते आणि थुंकते. तिचं मी काही मनावर घेत नाही, तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

मग कृषी खात्यातली एक मुलगी गावात आली. पंचविशीची असेल, स्कूटरवरून आलेली, तोंडाला ओढणी बांधलेली. मी तिला तो तुकडा दाखवायला नेलं, मनात हे की तिनं सरकारी तोंडानं सांगावं, पंपाचाच दोष. कडेला काही झाडं अजून तग धरून होती. तिनं मला विचारलं, "काकू, खुरपं आहे का? आणि थोडं पाणी?" मी बाटली दिली. ती उकिडवी बसली, झाड मातीसकट काढलं आणि मूळ धुतलं. मी तिच्या मागं उभी होते. मूळ तपकिरी, मऊ, आणि त्यावर एकही गाठ नाही. ती म्हणाली, "युरिया टाकला होता का?" मी हो म्हणाले. "गाठी धरायच्या वेळेलाच खत मिळालं, त्यात मूळ आधीच आजारी, वर पाणी. मग कुजलं." मी म्हणाले, "पण जळलं ते पंपानं." तिनं एक पान तळहातावर पसरलं. "पंपातलं उसाचं औषध असतं ना काकू, तर शेंडे पिळवटले असते, पानं मुरगळली असती. हे खालच्या पानापासून, कडेनं जळत आलंय. हे वरून पडलेलं नाही, मुळातून वर चढलंय. याच्या आधी इथं काय होतं?"

मी घरी येऊन तिला तो कागद दिला. पाणी दिलं, ते ती प्यायली आणि तिनं विचारलं किती रानाला किती टाकलं. मी सांगितलं. तिनं कागद पुन्हा वरपासून वाचला. मग कागद माझ्याकडं फिरवून त्या रकान्यावर बोट ठेवलं, "काकू, हे म्हणजे काय वाचलंत तुम्ही?" मी म्हणाले, "हे म्हणजे हे. हे रान, हे पीक." ती म्हणाली, "पुढं टिंब आहे बघा. हे म्हणजे हेक्टर. अडीच एकर. तुमच्या सातबाऱ्यावर पण असंच लिहितात." मी सातबारा काढला. तिथंही होतं. इतकी वर्षं मी तो कागद जपून ठेवलाय, त्यावर ह्यांचं नाव आहे आणि त्याच ओळीत पुढं ते अक्षर. माझ्या तोंडी हे म्हणजे जगात एकच माणूस, त्याच्यापुढं टिंब असतं का नसतं हे मी कधी बघितलं नाही. "अडीच पट पडलं," ती मुलगी म्हणाली, अगदी हळू, मला लागू नये अशा बेतानं. "पाऊस झाला असता तर थोडं तरी जिरलं असतं. पण मक्याच्या या औषधानंतर लगेच वाटाणा नकोच होता. शेवटी बारीक अक्षरात दिलंय." तिनं निळ्या पेननं त्या अक्षराभोवती गोल केला, पुढच्या वेळी लक्षात राहावं म्हणून. जाताना म्हणाली, "ज्यांनी फवारलं त्यांचा काही दोष नाही. त्यांना सांगा, वाईट वाटलं असेल त्यांना."

तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. ती स्कूटरवरून गेली. थोड्या वेळानं भाऊजी कामावरून परत येताना दिसले, पायजम्यावर डांबराचे डाग, हातात जेवणाचा डबा. मी दारातच बसले होते. कागद मांडीवर होता. हाक मारली असती तर ते थांबले असते, अजूनही थांबले असते. गिरणीवर जाऊन चार माणसांत सांगायचं लांबच राहिलं, नुसतं त्यांना एकट्याला, दारातल्या दारात, "भाऊजी, बादली दाट होती," एवढंच म्हणायचं होतं. मी मनात ते वाक्य लावून बघितलं. त्याच्या पुढचं वाक्य असं निघत होतं की मला वाचता येत नाही. ते गेले.

हे मी त्यानंतर महिन्याभरानं लिहीत आहे. वाटाण्याचं बी संपलं, ते मी कुठूनही आणू शकत नाही, आणि त्याचं रडून झालंय. तुम्ही मनगट धरून सांगितलेलं मात्र जिवंत माणसाचं होतं. मी भाऊजींना सांगेन की नाही, याचा शब्द मी तुम्हाला देत नाही, एकदा दिला होता. कागद नसला की पुरावा नसतो आणि पुरावा नसला की हळूहळू आपल्यालाच आपलं खरं वाटायला लागतं, हे मला त्याच संध्याकाळी दारात बसून कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद चुलीत घातला, आणि त्याच जाळावर चहा ठेवला.